डॉल्फिनच्या पुढे पोहणारा

पटलं नाही तर सोडून द्या. पण मी त्या होडीत बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय हे.

गेल्या जानेवारीतली, देवबागची गोष्ट. थंडीची सकाळ. समुद्र अगदी शांत.

माझ्या ताईचे यजमान, गुरुप्रसाद भावजी, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचे. मेल्रॉय त्यांचा भागीदार. आदल्या वर्षी होडीच्या इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं, ते सोडवायला मेल्रॉय पाण्यात उतरला...

वर आलाच नाही.

"ओढीन व्हावान नेल्यान," भावजींनी सगळ्यांना सांगितलं, पाण्याच्या ओढीने वाहून नेलं म्हणून. देह कधी सापडला नाही.

मी आचऱ्याहून ताईकडे आले होते. भावजी म्हणाले, "चल गो संचिता, डॉल्फिन बघूक."

होडीत साताऱ्याचं एक कुटुंब होतं.

खोल पाण्यात डॉल्फिन दिसले. काळ्या पाठी उन्हात चकाकत होत्या. सगळे ओरडायला लागले.

साताऱ्याच्या काकू मात्र डॉल्फिनच्या पुढे कुठेतरी बघत होत्या.

"अहो... त्यांच्या पुढे तो माणूस कोण पोहतोय?"

माणूस?

मी पाहिलं. नुसतं पाणी.

"हात वर करतोय बघा. इकडेच येतोय."

त्यांच्या मुलीलाही दिसला. "लाल बनियन घातलंय," ती म्हणाली.

भावजी पांढरेफटक पडले. मेल्रॉय लाल बनियनवरच उतरला होता, हे मला नंतर कळलं.

त्यांनी घाईने होडी वळवली. तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

डॉल्फिन बुडाले... परत वर आले नाहीत.

लाटेचाही आवाज येईना.

मग होडीच्या तळाला, खालून...

ठक.

ठक.

काकूंनी मुलीला छातीशी धरलं. भावजी होडीच्या तळाकडे वाकून बोलायला लागले.

"मेल्रॉय... पावणे आरडत हुते रे. डॉल्फिन इले हुते. तू ठोकूच्या आदीच मी इंजिन चालू केलंय..."

तेव्हा मला समजलं. जाळं सुटलं की मेल्रॉय खालून ठोकायचा, मगच इंजिन सुरू करायचं. त्या दिवशी भावजी थांबलेच नव्हते.

ओढीने नाही, पंख्याने घेतला होता त्याला.

ठकठक आता मागे सरकली. पंख्याकडे.

"भावजी, नका जाऊ!"

ते ऐकेनात. रडत मागे गेले, वाकले, पाण्यात हात घातला. "हात दी रे माका... वर ये."

इंजिनाची दोरी कुणीच ओढली नव्हती. देवाशपथ सांगते.

तरी इंजिन सुरू झालं.

आम्ही भावजींना मागे खेचलं तेव्हा उजवा हात मनगटापासून गेला होता. इंजिन पुन्हा बंद पडलं होतं; दुसऱ्या होडीने आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पोलिसांत सगळं खरं सांगितलं. मग मेल्रॉयच्या आईकडे, इमेल्डा आंटींकडे गेले. सोबत मी होते.

आंटी रडल्या नाहीत. पट्टीकडे बघत राहिल्या.

"एकच हात घेतल्यान तेना?"

मग भावजींचा डावा हात हातात घेऊन त्यांनी हळूच कुरवाळला.

"ह्यो ऱ्हवलो."

केस चालू आहे. भावजी आता आंबोलीत राहतात, समुद्रापासून लांब, घाटावर.

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, रोज सकाळी त्यांचा डावा हात ओला असतो. कोपरापर्यंत.

तिने बोट लावून चाखून पाहिलं...

खारट.