पापुद्रा मैदानात

लिफ्ट अडकली ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध, आणि आत होती ती एकटी.

आता दुसरी कोणी असती तर दार बडवून तिने अख्खी इमारत डोक्यावर घेतली असती. हिने काय केलं? घंटेचं बटण एकदा दाबलं, जेवणाचा डबा खाली ठेवला, पिशवीतून हातात मावणारं खेळाचं यंत्र काढलं आणि भिंतीला टेकून मांडी घातली. देवाने आयती फुरसत दिलीच आहे तर ती रडण्यात कशाला घालवा, असा तिचा साधा हिशोब.

थोड्या वेळाने वरचं दार किलकिलं झालं. फटीतून आधी बॅटरीचा उजेड आला, मग एक चेहरा. कपाळाला ग्रीस, डोळ्यांत काळजी.

"घाबरू नका हं. मी लिफ्टवाला. हात द्या, वर घेतो."

"जरा थांबता का?" ती मान वर न करता म्हणाली. "लढाई चालू आहे."

चेहरा गोंधळला. "कोणाशी?"

तिने यंत्र उंच धरलं. तो तिथेच पालथा पडून बघू लागला. पडद्याच्या एका बाजूला शिंगं रोखून उभा असलेला डोंगराएवढा प्राणी, आणि समोर कांद्याच्या सालीसारखं काहीतरी फडफडत होतं.

"तुमचा कुठला?"

"तो छोटा. पापुद्रा."

"अरेरे," तो अगदी मनापासून म्हणाला.

डोंगराने धडक दिली. पापुद्रा गरगरत गेला, आडवा झाला... आणि उठला. अंगात थेंबभर जीव उरलेला. त्याने डोंगराकडे नुसतं टक लावून पाहिलं, तर डोंगराचा काठोकाठ भरलेला जीव सरसर उतरून थेंबावर आला. मग पापुद्र्याने एक टिचकी मारली. टिचकीच ती, तिने डासही मरू नये. पण डोंगर धाडकन कोसळला.

लिफ्टवाल्याचं तोंड उघडंच. "हे कसं झालं?"

"आधी वर घ्या. मग सांगते."

वर आल्यावर तिने कुर्त्याची धूळ झटकली आणि सांगितलं. पापुद्र्याच्या गळ्यात एक धागा असतो. अंगात पूर्ण जीव असताना कितीही मोठा मार बसो, धागा तुटतो पण थेंबभर जीव राखतो. मग त्याची उपजत विद्या, 'बरोबरी'. माझ्यात जेवढा जीव उरला तेवढाच तुझ्यात. आणि शेवटी टिचकी, जी नेहमी सगळ्यांच्या आधी लागते.

"म्हणजे बिचाऱ्याला आधी मार खावाच लागतो?"

"बिचारा म्हणालात की संपलात," ती हसली. "समोरचे सगळे तेच म्हणतात."

ती चौथ्या मजल्यावर दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कोणाच्या तरी तुटलेल्या दातावर बसवायची टोपी आधी मेणाची करायची, मग भट्टीत भाजायची, मग शेजारच्या दाताच्या रंगाशी जुळेपर्यंत घासायची. केसाएवढं जास्त घासलं की सगळं मुसळ केरात. असल्या कामाने तिची बोटं इतकी हलकी झाली होती की चहाचा कप उचलला तरी त्याला जणू गुदगुल्या व्हायच्या.

आणि काय सांगावं, त्या महिन्यात त्या इमारतीची लिफ्ट फारच नाजूक झाली. कधी दार तपासायचं, कधी दोर, कधी तेल. लिफ्टवाला येई, तपासणी चौथ्या मजल्यावर संपवी आणि मग तिच्या जेवणाच्या सुट्टीत खिडकीपाशी बसून खेळ शिके. बाहेर रिमझिम, काचेवर वाफ, आणि त्या वाफेवर ती बोटाने प्राणी काढून दाखवत असे.

"तुमचा प्राणी कुठला घेतलात?"

"ओंडका." त्याने लाजत यंत्र पुढे केलं. "त्याला 'ढाल' येते. सोबत्यावरचा मार तो स्वतःवर घेतो."

"तरी म्हटलं... दिवसभर ब्रेक तपासणारा माणूस, दुसरं काय घेणार?"

"आणि 'दणका' पण येतो," तो घाईने म्हणाला. "ज्याला लागतो त्याची पाळी हुकते."

"हं. मग उपयोगाचा आहे."

"प्राणी की मी?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते. "प्राण्याचं नक्की झालंय," ती म्हणाली. "तुमचं बघू."

तळमजल्यावरच्या वाचनालयात रविवारी दुपारी या खेळाचं मंडळ भरे. यंदा जोडीने खेळायची स्पर्धा होती. गेली कित्येक वर्षं तिथे कोपऱ्यावरचे औषधवाले काका आणि काकू जिंकत. काका तिला बघितलं की म्हणत, "काय गं, अजून ती सालच घेऊन फिरतेस? फुंकर मारली की उडेल." लोक हसत. तीही हसे. पण पापुद्रा घेऊनच एकदा जिंकायचं, हे तिने मनात घट्ट धरलं होतं, आणि त्याचं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

कारण असं. लहानपणी तिच्या हृदयाला भोक होतं. डॉक्टरांनी ते शिवलं, ती वाढली, आता धडधाकट होती. पण घराच्या लेखी ती अजून दवाखान्याच्या पलंगावरच होती. पळू नकोस, भिजू नकोस, जिना चढू नकोस. आईचा जीव तिच्यात अडकलेला, आत्या देवापुढे रोज तिच्याच नावाने हात जोडणारी. इतकी माया की तिच्यात गुदमरायला व्हावं. तिला बघायला येणाऱ्यांना आई आधीच छातीवरच्या शिवणीबद्दल सांगे, आणि येणारे चहा पिऊन, फार चांगली मुलगी हो, असं म्हणून जात. हीसुद्धा मैदानात उतरू शकते, हे कोणीतरी एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची आस.

लिफ्टवाल्याला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. 'अहो'चं 'अरे' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं, जोडीत दोघांची नावं लागली, तरी नाही. तो एकटाच असा होता ज्याने तिला लिफ्टमध्ये अडकलेली पाहूनही लढाई संपेपर्यंत वाट पाहिली होती. ते तिला जपून ठेवायचं होतं.

स्पर्धेच्या आठवड्यात तिच्या यंत्राचं बटण रुतलं. लिफ्टवाला म्हणाला, दे, दुरुस्त करतो. तिने दिलं. गुरुवारी त्याने ते परत आणलं तेव्हा त्याचा चेहरा सणासारखा उजळला होता.

"बटण झालंच. पण आत बघ. गंमत केलीय."

तिने आत बघितलं. पापुद्रा नव्हता. त्याच्या जागी रुंद पंखांचा, गुटगुटीत पतंगा बसला होता.

"हे काय?"

"रोज खाऊ घातलं. लुटूपुटूच्या लढायांना नेलं. हळूहळू अंगात जोर आला, आणि काल त्याने कात टाकली. आता एका धक्क्याने पडायचा नाही."

तिने पतंग्याच्या विद्या उघडल्या. पंखझाप होती, धूळझोत होता. 'बरोबरी' नव्हती.

"कात टाकली की तो ती विसरतो," ती हळू म्हणाली. "ती फक्त पापुद्र्यालाच येते. म्हणून मी त्याला कधी वाढू दिलं नाही."

लिफ्टवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला... मला वाटलं, मजबूत झाला तर..."

"असं तुला आत्ताच का वाटलं? महिनाभर तर वाटलं नाही." ती त्याच्याकडे बघत राहिली. तो पायाकडे. आणि एकदम तिच्या लक्षात आलं. सोमवारी आई डबा द्यायला आली होती. लिफ्टनेच. "आई भेटली तुला."

त्याने मान हलवली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पोरीला जपा हो. लहानपणी हृदय शिवलंय."

"आणि लगेच माझा पापुद्रा अशक्त दिसायला लागला." तिचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "घरात दोघी आहेत मला जपायला. तिसरा नको होता रे मला."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दिवशी तिच्या हातून एक टोपी जास्त घासली गेली.

आता लिफ्टवाल्याचं बघा. माणूस साधा, पण उमजलं की धरून ठेवणारा. नुसती क्षमा मागून भागणार नाही, हे त्याला समजलं होतं. त्याने आपल्या यंत्रात पापुद्र्याची अंडी शोधायला सुरुवात केली. डबा खाताना, बसथांब्यावर, दोर बदलायच्या आधी आणि नंतर. अंड्यातून कधी गोगलगाय निघे, कधी बेडूक. तो त्यांना नमस्कार करी आणि पुढचं अंडं घेई.

रविवारी ती वाचनालयात आली ती, आपण खेळणार नाही, हे सांगायला. तो दारातच उभा होता.

"हा घे." त्याच्या यंत्रात नुकताच जन्मलेला, डोळेही नीट न उघडलेला पापुद्रा होता. "आज सकाळी निघाला. काही म्हणजे काही खाऊ घातलेलं नाही. धागा तेवढा बांधलाय. तुझ्याकडे पाठवतो."

तिने पापुद्र्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "भूक लागली असेल त्याला," ती म्हणाली.

"असेल. मी विचारलं नाही."

तिला हसायचं नव्हतं. तरी ओठाचा एक कोपरा हलला. "चल," ती म्हणाली. "पण 'ढाल' वापरलीस तर याद राख."

अंतिम लढत अपेक्षेप्रमाणे काका-काकूंशीच पडली. काकांचा शिंगवाला डोंगर, काकूंची चपळ, नखं परजणारी रानमांजर. इकडे ओंडका आणि त्याच्या शेजारी तो सकाळीच जन्मलेला जीव.

"अगं, ही तर आधीच्यापेक्षाही लहान आणलीस," काका म्हणाले.

"तुम्ही आपल्या पाळीकडे बघा," काकूंनी त्यांना दटावलं. "मागच्या वेळी असंच बोलत बसलात."

डोंगराची शिंगं पापुद्र्यावर रोखलेली. रानमांजर दबा धरून. तिला गणित स्पष्ट दिसत होतं. धागा एकच मार झेलतो. डोंगराची धडक पापुद्र्याने झेलायची, आणि त्याच वेळी ओंडक्याने मांजरीला दणका देऊन तिची पाळी हुकवायची. लिफ्टवाल्याने 'ढाल' पुढे केली तर पापुद्र्यावर ओरखडा येणार नाही... आणि सगळंच संपेल. भरल्या जिवाचा पापुद्रा कोणाची बरोबरी करणार?

तिने बाजूला पाहिलं. त्याचा अंगठा दोन बटणांच्या मध्ये अडला होता. 'ढाल' वर, 'दणका' खाली. आयुष्यभर लोकांना पडण्यापासून वाचवत आलेला तो अंगठा, कोणाला पडू द्यायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने काही सांगितलं नाही. मनात फक्त म्हणाली, देवा, याला धीर दे.

अंगठा खाली गेला.

ओंडक्याचा दणका मांजरीच्या डोक्यात बसला, ती तारे मोजू लागली. डोंगर सुटला. पापुद्रा उडाला, आपटला, धागा तुटला... लिफ्टवाल्याने डोळे गच्च मिटले. पण त्याने हात पुढे केला नाही.

पापुद्रा उठला. त्याने डोंगराकडे पाहिलं. पुढच्या पाळीला सगळ्यांच्या आधी टिचकी पडली, डोंगर आडवा झाला, आणि अजून भोवळलेल्या मांजरीला ओंडक्याने दुसऱ्या दणक्यात निजवलं.

मग काकूंनीच आधी टाळ्या वाजवल्या. काका चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, ही साल कुठल्या कांद्याची ते एकदा सांग बाई."

पायरीवर दोघं आली तेव्हा रिमझिम चालू होती. छत्री त्याच्या हातात होती. त्याने ती उघडली नाही, नुसती तिच्याकडे पाहिलं. ती सरळ पावसात उतरली. तोही उतरला.

"डोळे का मिटलेस?"

"बघवत नव्हतं. पण मध्ये पडायचं नाही, एवढं ठरवलं होतं. भीती वाटणार मला. खोटं कशाला बोलू. आईंसारखीच वाटणार. पण ती माझी मी सांभाळीन, तुझ्यावर नाही घालणार. एवढं जमलं तर... तुझ्या शेजारी राहू का? इथेच नाही. नेहमी."

तिच्या पापण्यांवर थेंब होते, पावसाचे आणि थोडे तिचे. तिने त्याचा ग्रीसने काळवंडलेला हात घेतला आणि त्याची बोटं आपल्या मनगटावर ठेवली. नाडी धावत होती, उड्या मारत होती.

त्याचा चेहरा क्षणभर काळजीने आवळला. तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं, आणि ती काय म्हणते याची वाट पाहत तो तसाच भिजत उभा राहिला.

"हो," ती म्हणाली. "राहा."