प्रेस कुठे थांबते

झाकणं ठोकणाऱ्या कारखान्यात मला बोलावलं, कारण प्रेस मंद झाली होती. प्रेस म्हणजे दोन माणसांच्या उंचीचं यंत्र. वरून पोलादी साचा आदळतो, पत्र्याचं झाकण होतं, पायाखालची फरशी हादरते. साचा कधी सोडायचा ते बाजूचा संगणक ठरवतो. तो वेळ कुठे घालवतो, ते मी शोधायचं.

बाळ सासूबाईंकडे ठेवून, दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात मी ही कामं घेते. कामही बाळाकडे बघण्यासारखंच. झोपलंय की जागं, सारखं डोकवायचं. तसंच चालत्या संगणकात क्षणाक्षणाला डोकवायचं आणि तो आत्ता काय करतोय ते टिपायचं.

प्रेसवर माझी नणंद होती. पत्रा सरकवायचा, हात काढायचा, धडाम.

"काय गं वहिनी, सापडला का कामचुकार?"

"शोधतेय. ताई, तुम्ही हात सांभाळा."

"हात सांभाळत बसले तर झाकणं काय तू ठोकणार?"

सापडला. साचा सोडायचा हुकूम तयार असायचा आणि संगणक तिथेच खिळायचा. तिथे थांबायला सांगणारी एक ओळसुद्धा कोणी लिहिलेली नव्हती. मला वाटलं, मीच आडवी येत असेन. डोकवण्यालाही वेळ लागतो, आमच्या धंद्यात तो वजा करतात. मी तो वजा केला. मग मोजणीच बंद करून बाहेरून घड्याळ लावलं. थांबणं होतं तेवढंच.

वर पाहिलं, तर साचा थरथरत होता. न झेपणारं ओझं कोणीतरी तोलून धरावं, तसा.

"रोज असंच," ताई म्हणाल्या. "दमत असेल."

"कोण?"

त्यांनी नुसता पुढचा पत्रा सरकवला.

"मॅडम, कारणं नंतर शोधा," सुपरवायझर म्हणाला. "आधी पळवा."

हात आत असेल तर कडेचे प्रकाशकिरण तुटतात आणि हुकूम निघतच नाही, ती सोय मी स्वतः तपासली होती. म्हणून निर्धास्तपणे एक ओळ लिहिली: थांबलास तर हुकूम पुन्हा दे.

त्या दिवशी पत्रा नवा, आरशासारखा होता. किरण त्यावरून उसळून हाताला वळसा घालून गेले, असं नंतर सांगितलं मला.

पत्रा तिरका बसला. ताईंनी तो सरळ करायला हात घातला.

वर साचा थरथरला. थांबला.

हुकूम पुन्हा गेला.

पुन्हा गेला.

साचा आला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि माझा चष्मा लाल झाला. ताई दुसऱ्या हाताने लोखंडावर बुक्क्या मारत होत्या, तोंड उघडं, आवाज नाही. साचा वर गेला आणि तिथेच, त्याच हातावर, परत आदळला. मी केबल उपटली.

संध्याकाळी फिटरने साचा उतरवून उलटा केला, टॉर्च मारली आणि मला हाक दिली. ताईंचा तळवा खाली, पत्र्यावर टेकलेला होता. हात सोडवताना ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. साच्याच्या पोलादात मात्र एका पंजाचा ठसा खोल रुतला होता, खालून वर रेटलेला. तळव्यावरच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या.

नवा साचा बसल्यावर मी पुन्हा मोजलं. ताईंच्या जागी आता दुसरी बाई आहे. प्रेस कुठेच थांबत नाही.