नवी फोडलीस ना?

हसायचं तर खुशाल हसा. माझ्या डाव्या हाताला दोनच बोटं उरलीत. तेवढी बघा आणि मग खोटं म्हणा.

मंगळवार होता. भर दुपारी एकची वेळ. आमचं गॅरेज.

आमचं म्हणजे माझं आणि दादाचं. ब्रेकमधली हवा आम्ही जोडीनंच काढायचो. दादा आत बसून पेडल दाबायचा आणि ओरडायचा, "धरलाय!" मी खालून नट सैल करून हवा काढायचो, नट आवळायचो आणि मग "सोड" म्हणायचो. तोवर तो पाय उचलायचा नाही.

त्या मंगळवारच्या महिनाभर आधी दादाच्याच गाडीचं काम होतं. "नवी बाटली फोडलीस ना रे?" त्याने आतून विचारलं.

"फोडली."

फोडली नव्हती. फळीवर एक अर्धी बाटली होती, चार महिने उघडी. तीच ओतली. उघडं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, पेडल पोकळ होतं आणि ब्रेक लागतच नाही. मला सगळं पाठ होतं. नुसता कंटाळा केला मी!

दुसऱ्या दिवशी उतारावर दादाची गाडी ट्रकखाली घुसली. स्टिअरिंग छातीत रुतलं होतं. उजवा पाय पेडलखाली असा चेंगरला होता, की तो कापून दादाचं प्रेत बाहेर काढावं लागलं.

मी कुणालाच बोललो नाही. वहिनीला तर नाहीच.

त्या मंगळवारी गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर होती. चाक काढलेलं. वहिनी डबा घेऊन येणार होती, तीच पेडल दाबणार होती. मी खाली शिरलो आणि सवयीने बोलून गेलो, "दाब."

पेडल करकरलं...

"धरलाय!"

गाडीत कुणीच नव्हतं.

मी हात लावायच्या आधीच नट फिरला... उकळतं ऑइल मनगटावर उडालं. कातडी सोलून निघाली.

"नवी फोडलीस ना रे?"

"फोडली!" मी किंचाळलो.

जॅक सटकला. ब्रेकची डिस्क हातावर आली. माझीच हाडं कडाकडा मोडताना मी ऐकली.

हॉस्पिटलात वहिनी उशाशी बसली होती.

"भावोजी, मी दारातच होते. यांचा आवाज ऐकला मी. 'नवी फोडलीस ना' असं कशाबद्दल विचारत होते हे?"

"भास झाला असेल, वहिनी."

तेवढ्यात खाटेखाली काहीतरी करकरलं...

"धरलाय!"

वहिनीने ऐकलं का, मला माहीत नाही. ती रोज डबा आणते. जाताना एकदा वाकून खाटेखाली बघते.