माझा नाय

जालना रोडवरून विमानतळाच्या मागच्या अंगाला वळलं, की कारखान्यांच्या शेड संपता संपता एक दुमजली इमारत लागते. तिच्यावर पाटी नाही. नवऱ्याच्या मारापायी घर सोडलेल्या बायांचं ते निवारागृह. पाटी लावली तर नवरे शोधत येतात. गुलशन तिथं गृहमाता होती. लेथवर काम करणारा नवरा फारूख वारला आणि दुसऱ्याच महिन्यात ती इथं कामाला लागली, त्याला आता नऊ वर्षं झाली. शिधा काढून देणं, कोर्टाच्या तारखांची आठवण करणं, रडणाऱ्या पोरींजवळ बसणं. तिचे गुडघे दुखत, आणि कुणीही आपली हकिगत सुरू केली की पुढचं सगळं तिला आधीच ठाऊक असे. ऐकायचाही शीण येतो माणसाला.

कुणी विचारलंच तर ती सांगे, माझ्या मालकानं कधी बोट लावलं नाही. ते ऐकून बायांना धीर येतो, असा तिचा समज होता.

दिवेलागणीला बाया गप्प होतात, हे तिला पहिल्याच वर्षी दिसलं होतं. मगरीबची अजान झाली की लाटणं थांबे, कुणी तरी नळ बंद करी. घरी नवरे परतायची ती वेळ. गंगापूरच्या भागूबाईला जीपचा हॉर्न ऐकू येई, आणखी एकीला खाकरणं. प्रत्येकीला आपापलं. समुपदेशक मॅडम म्हणत, भीती अंगात मुरलेली असते, निघायला वेळ लागतो. गुलशनला ते पटलं होतं. तिला स्वतःला कधी काही ऐकू आलं नव्हतं.

फेब्रुवारीत पिशोरकडून ज्ञानेश्वरी आली. बावीस वर्षांची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, डावा हात प्लास्टरमध्ये. सासरचे न्यायला तयार होते, पुन्हा हात उचलणार नाही असं लिहूनही देणार होते. गुलशननं तिला दोनदा समजावलं, की जा, एकवार बघ. पोरगी नुसती ऐकून घेई.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी फाटकाची कडी निघालेली सापडली. वॉचमन सांडू म्हणाला, मी लावली होती. दुसऱ्या दिवशी गुलशननं स्वतः कडी घातली, वर कुलूप लावलं. अजान झाल्यावर जाऊन बघते तर कुलूप बंदच होतं, कडीही जागेवर होती, आणि फाटक हातभर उघडं. तिनं कॅमेऱ्यात पाहिलं. फाटक लागलेलं दिसत होतं, मग उघडं दिसत होतं. मध्ये कुणी नव्हतं. व्हरांड्यात लेथवरच्या तेलाचा वास होता. पण आजूबाजूला सगळे कारखानेच, वास यायचाच, असं तिनं मनाशी ठरवलं आणि दिवा लावला.

चौथ्या दिवशी ती बायांबरोबर स्वयंपाकघरात बसली होती. अजान संपली. बाया गप्प झाल्या.

या वेळी गुलशनलाही ऐकू आलं.

बाहेर खडीवर पावलं वाजत होती. एक चप्पल नीट पडत होती, दुसरी घासत होती. मध्येच किल्ल्यांचा जुडगा वाजे, कुणी सावकाश बोटावर फिरवावा तसा.

"कोनाचाय?" भागूबाईनं हळूच विचारलं.

ज्ञानेश्वरी कान देऊन ऐकत होती. "माझा नाय," ती म्हणाली. "माझा काठी टेकीत येतो."

"माझा बी नाय."

"माझा नाय."

सहा जणी होत्या. सहाही जणींनी तेच सांगितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती कुणी उलटली नाही.

पावलं व्हरांड्यात चढली. दाराशी थांबली.

सगळ्या गुलशनकडं बघत होत्या.

किल्ल्या अजून फिरत होत्या. त्या थांबल्यावर काय होतं, ते तिला माहीत होतं. संसाराची अठ्ठावीस वर्षं माहीत होतं.

किल्ल्या थांबल्या.

"माझाय," गुलशन म्हणाली.

ज्ञानेश्वरी उठली. चांगल्या हातानं तिनं गुलशनला धरलं, आपल्या मागं भिंतीशी बसवलं आणि स्वतः पुढं बसली. भागूबाईनं दाराला आतून कडी घातली. बऱ्याच वेळानं पावलं व्हरांडा उतरून गेली.

सकाळी गुलशननं मॅडमना सांगितलं, ज्ञानेश्वरी परत जाणार नाही, सासरच्यांना तसं कळवा. मग रजा टाकून ती मुलाकडं निघाली. तिचा एकुलता अबुजर किराडपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एवढ्या काळात ती तिथं ईदपुरतीच गेली होती. कामाचं निमित्त असे.

सून सदफनं चहा केला, खुर्ची ओढून जवळ बसली. बहिणीच्या लग्नात नवरदेवाचा बूट कसा हरवला, ते सांगताना तिला हसू आवरेना. बोलता बोलता संध्याकाळ झाली. खाली मोटारसायकल थांबली.

सदफचं हसणं अर्ध्यात थांबलं. तिनं टीव्ही बंद केला. टेबलावरचे काचेचे ग्लास एकेक करून उचलले आणि कपाटात अगदी आत सरकवून ठेवले.

"अम्मी, तुम अंदर बैठो," ती म्हणाली.

गुलशन जागची हलली नाही.

अबुजर आला. त्यानं सलाम केला, दार लावलं, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि तोंड धुवायला मोरीत गेला.

गुलशननं सुनेचं मनगट धरलं. "कब से?" तिनं विचारलं.

सदफ तिच्याकडं बघत नव्हती. ती बंद दाराकडं बघत होती.

जिन्यावर पावलं अजून चढत होती, एक चप्पल घासत.