अनसाबाईच्या कानातली हाक

सोमशेखरचं काम तसं निरुपद्रवी. माणसाच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, कानाला हेडफोन लावून त्यात टिकटिक सोडायची, आणि कान बहिरे असले तरी मेंदूपर्यंत काही पोचतंय का, ते कागदावरच्या रेघेत बघायचं. शहाऐंशी साली गुलबर्ग्यात हे यंत्र म्हणजे नवलच होतं.

त्या दुपारी लिंगाप्पा आपल्या आईला, अनसाबाईला, संतपूरहून घेऊन आला. बाई तरुणपणीच तापात ठार बहिरी झालेली. पुढे विहिरीत पडलेलं कोकरू काढायला नवरा, धुळाप्पा, उतरला आणि बुडाला. ही काठावरच मेंढ्या राखत होती, पाठमोरी. त्याची एकही हाक तिच्या कानी गेली नाही. आता मात्र तो रोज हाक मारतो म्हणे, आणि ती विहिरीकडे धावते. एक दिवस उडी घेईल, या धास्तीनं लेकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"एवढं बघा सायब, खरंच काय ऐकू यायलंय का तिला."

टिकटिक सुरू झाली. रेघ आपली संथ चालत राहिली. बिचारीपर्यंत काहीच पोचत नव्हतं. सोमशेखरनं आवाज बंद केला आणि रेघ उसळली. थांबली. पुन्हा उसळली. खोलीत शेवाळाचा वास आला...

"हाक मारायलाय," अनसाबाई हळूच म्हणाली. "हाक कळती रे लेकरा, बोल कळत न्हाई. काय म्हणायलाय? रागानं बोलायलाय का?"

सोमशेखरनं तिचा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला. आत खोल कुठेतरी, पाण्यातून आल्यासारखा, एक थकलेला आवाज होता.

"अनसे... दोर खाली सोड..."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण बाई जीव एकवटून त्याच्या ओठांकडे बघत होती. तिला हे सांगायचं कोणत्या तोंडानं? त्यानं घास घेतल्यासारखा हात तोंडाशी नेला.

"जेवलीस का, म्हणतात."

अनसाबाईचे डोळे भरून आले. "मग राग न्हाई त्याला," ती म्हणाली. रेघ संथ झाली. हाकही थांबली, असं तिनंच सांगितलं. मायलेक निघून गेले, तेव्हा सोमशेखरला आपण खोटं बोलल्याचं मनापासून बरं वाटलं.

मग तो हेडफोन पुसायला बसला. कानावरच्या गाद्या ओल्या होत्या. त्याची तार तर यंत्रातून केव्हाच काढून ठेवली होती.

"सोमा..." आवाज अगदी जवळून आला. "तू तरी दोर सोड..."