इसिडोरआजाच्या बोलीतला फोन

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले चार दात गोराईच्या खाडीत टाका, वर कवळीपण टाका. आधीच शपथ घेते, कारण पुढे तुम्ही म्हणाल, आजी, असं कुठे असतं का. असतं रे बाबांनो. मुलुंडमध्ये असतं.

मुलुंडच्या एका दवाखान्यात जेनेव्हिव्ह नावाची पोरगी एक्स-रे काढायची. सगळे तिला जेनी म्हणत. हात इतका हलका की रडत आलेलं पोर तिने टेबलावर झोपवलं की आपलं हाड मोडलंय हेच विसरायचं. आणि एक खोड जन्माची — कुठल्याही वस्तूच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. आठव्या वर्षी तिने आजाचा रेडिओ उघडून परत बसवला, तर त्यावर थेट सिलोन लागायला लागलं, आणि सांजच्याला सिलोनचं हवामान ऐकून गोराईचे लोक छत्र्या घेऊन निघायचे.

तर एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, ही दशरथच्या मोबाइल रिपेअरच्या गाळ्यात उभी होती. हातात एक फोन. कंपनीचं नाव यायचं, पडदा काळा व्हायचा. परत नाव, परत काळा.

"ताई, हा गेला," दशरथ म्हणाला. "नवीन घ्या."

"गेलेला नाहीये," मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं. "गोंधळलाय. काय केलंत त्याला?"

जेनीने वळून बघितलं. सावळा, उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर... आणि मांडीवर तीन जुने फोन, मांजराची पिल्लं घेऊन बसावं तसे. हा सुयोग. मूळचे मालवणकडचे, आजोबा गिरणीत होते, हा मात्र मुलुंडातच वाढलेला. पवईच्या ऑफिसात संध्याकाळची शिफ्ट, आणि दुपारी एकच नाद — कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनांवर स्वतः जुळवलेली सिस्टीम चढवायची. त्याच्या बोटांची अशी ख्याती की पेचकस जवळ आणला की स्क्रू लाजून आपणहून बाहेर यायचे.

"यातलं फोनचं ॲप बाहेर काढलं," जेनी म्हणाली. "उलगडलं, शब्द बदलले, परत बांधलं, जागेवर ठेवलं. तेव्हापासून असा नाचतोय."

सुयोगचा चष्मा होता तिथून आणखी खाली आला. पहिल्या भेटीत पोरी काय काय बोलतात, पण हे वाक्य त्याला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं.

"म्हणजे... सिस्टीम ॲप डिकंपाइल केलंत? तुम्ही?"

"का, बायकांना बंदी आहे?"

"नाही नाही, मी आपलं... बसा ना."

ती बसली. आणि खरं सांगायचं तर सुट्टी संपली तरी उठली नाही.

आता तिने हे का केलं ते ऐका. तिचा आजा इसिडोर, एक्क्याऐंशी वर्षांचा, गोराईच्या घरात एकटा. मागे वाडी, वाडीत वांगी, वाल, चार माड. शाळा मराठी चौथीपर्यंत. त्याला आधी बटणांचा फोन दिला, तो विहिरीत पडला. दुसरा दिला, तोही विहिरीत. दोनदा कसा पडेल, तुम्हीच ठरवा. मग जेनीने हा मोठ्या पडद्याचा दिला, मराठी भाषा लावून. पण त्या फोनची मराठी म्हणजे सरकारी कागद. फोन वाजला की एकीकडे 'स्वीकारा', दुसरीकडे 'नाकारा'.

"स्वीकारायला मी काय मोठा साब हाय?" आजा म्हणायचा. "आनि हाक मारनाऱ्याला नाकारू कसा? असं कोन करतं?"

म्हणून तो दोन्ही दाबायचा नाही. फोन वाजून वाजून दमायचा. गेल्या महिन्यात विहिरीपाशी पाय घसरला, तर फोन खिशात असून म्हातारा दोन तास तसाच पडून राहिला. शेवटी शेजाऱ्याची बकरी ओरडली म्हणून लोक धावले. मग बोरिवलीहून जेनीची आत्या जोसेफीन आली आणि निकाल देऊन गेली: पुढच्या रविवारनंतरचा रविवार. तोवर पप्पाला स्वतःच्या हाताने फोन घेता आणि करता आला तर ठीक, नाहीतर गोराईच्या घराला कुलूप आणि पप्पा सातव्या मजल्यावर माझ्याकडे.

"सातव्या मजल्यावर तो जगेल रे," जेनी सुयोगला म्हणाली, "पण माड कुंडीत लावल्यासारखा."

सुयोगने चष्मा वर सरकवला. "परत बांधल्यावर सही कोणाची केलीत?"

"माझी. सही करायची चावी स्वतःच बनवली ना."

"तिथेच वाट लागली. हे सिस्टीमचं ॲप, याच्यावर कंपनीचा शिक्का असतो. फोन उठतो, शिक्का बघतो, म्हणतो, हा कोण परका घरात घुसला, आणि डोळे मिटतो. परत उठतो, परत बघतो..."

"मग कंपनीचा शिक्का कुठून आणू?"

"आणायचा नाही. मूळ फाइल आहे तशी घ्यायची. तुम्ही बांधलेल्यातला फक्त शब्दांचा तुकडा काढून त्या मूळ फाइलमध्ये ठेवायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"सारण बदलायचं, करंजीची मुरड तीच."

सुयोग तिच्याकडे बघतच राहिला. "...हो. असंच. मी तीन वर्षं लोकांना समजावतोय, असं कधी सुचलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून रोजचा नेम झाला. दुपारी एक ते दोन दशरथ गाळ्यातच झोपायचा. झोप अशी की एकदा त्याच्या डोक्याखालची उशी चोरीला गेली आणि तो चार वाजता उठून चोराला चहा विचारत होता. त्याच्या घोरण्याच्या तालावर ही दोघं लॅपटॉप मध्ये ठेवून बसायची. सुयोगने आधी फोनवर जुनी सिस्टीम परत चढवून त्याला शुद्धीवर आणलं, मग काम नव्याने सुरू.

"तुम्ही जरा इकडे बघा —"

"तुम्ही-बिम्ही सोड," जेनी म्हणाली. "आमच्यात आजालासुद्धा तू म्हणतात."

"बरं. तू जरा... इकडे बघ."

तिने बघितलं. पडद्याकडे नव्हे. चूक सापडली की त्याच्या डाव्या भुवईचं एक टोक उचलायचं, हे तिने दुसऱ्याच दिवशी हेरलं होतं. ती माणसांच्या हाडांचे फोटो काढणारी बाई, पण या पोराच्या आत काय चाललंय ते कुठल्या यंत्रात दिसणार... म्हणून ती भुवईवर भागवायची.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी घोटाळा झाला. शब्दांचा तुकडा बांधताना यंत्राने एकशे चाळीस चुका ओकल्या. काल नीट बांधलं जात होतं, आज काहीच नाही. जेनीचा चेहरा उतरला.

"सहा दिवस राहिले, सुयोग. मी जोसेफीनआत्याला काय सांगू, करंजी फुटली?"

"थांब गं. काय काय बदललंस काल?"

"काही नाही. म्हणजे... आजाला इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत. म्हणून सगळे आकडे मराठी केले."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. एकदम शोध-बदल. एका फटक्यात."

सुयोगने फाइल उघडली. भुवईचं टोक उचललं. मग दुसऱ्या भुवईचं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो इतका हसला, इतका हसला की दशरथ झोपेतच "पावती आणलीय का" म्हणाला.

"जेनी, तू बटणाची रुंदी मराठीत केलीस. अक्षरांची उंची मराठीत. फाइलच्या पहिल्या ओळीतला आकडासुद्धा मराठीत. मशीन बिचारं चौथी पास नाहीये गं, त्याला इंग्रजी आकडेच लागतात."

"मग शिकेल ते."

"शिकवू. पण रविवारनंतर."

तो ओरडला नाही, शहाणपण शिकवलं नाही. दोघं एकेक ओळ वाचत बसली. पडद्यावर आजाला दिसणारा आकडा असेल तर मराठी राहू दे. यंत्राच्या पोटातला असेल तर इंग्रजी कर. वाचता वाचता सुयोगच्या हसण्याचा आवाज बारीक झाला. कारण मधेमधे जेनीचे शब्द येत होते. 'स्वीकारा'च्या जागी 'बोल'. 'नाकारा'च्या जागी 'मागशी बोलू', म्हणजे नंतर. फोन संपवायला 'ठेवतू'. आणि कोणाचा फोन घ्यायचा राहिला असेल तिथे — 'कोनतरी हाक मारून गेला'.

तो त्या ओळीवर थांबला.

"काय झालं? चुकलं?"

"नाही. मी इतकी वर्षं हे फोन उघडतोय, जेनी... रंग बदलतो, बॅटरी वाचवतो, वेग वाढवतो. कोणासाठी उघडतोय हा विचारच केला नाही कधी. तू अख्खा फोन एका माणसाच्या आवाजात लिहिलायस."

दवाखान्यात जेनीला दिवसातून चाळीस माणसं थँक्यू म्हणायची, त्याने कधी कानशिलं तापली नव्हती. आत्ता तापली.

"बघतोस काय," ती म्हणाली. "पुढची ओळ वाच."

पुढचे दिवस मात्र काम संपता संपेना. बुधवारी सुयोग म्हणाला, अजून एकदा तपासू. गुरुवारी एक शब्द उलटा लागलेला निघाला. शुक्रवारी म्हणाला, बॅटरी कमी असताना कसं चालतं ते बघायला हवं.

"अजून किती वेळा तपासणार?"

"बघू... किती वेळा येशील तू?"

रविवारी फोन आजाच्या हातात गेला की दशरथच्या बाकावर यायला कारण उरणार नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही पडद्याकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "रविवारी गोराईला ये. बिघडला ऐनवेळी तर कोण बघेल?"

रविवार उजाडला. चर्चच्या मिसाहून आल्यावर जोसेफीन खुर्चीत बसली, हाताची घडी घालून, परीक्षेला बाहेरून आलेल्या मास्तरणीसारखी. इसिडोर झोपाळ्यावर. सुयोग दाराशी स्टुलावर, इस्त्रीच्या शर्टात. जेनी चहा करायच्या निमित्ताने आत, पण कान बाहेर.

जोसेफीन ओट्यावर गेली आणि तिथून फोन लावला. आत वाजला. आजाने पडदा लांब धरला, ओठ हलवत वाचलं, मान डोलावली आणि अंगठा टेकवला.

"बोल."

"पप्पा, ऐकू येतं?"

"तुजा आवाज फोन नसला तरी मनोरीपरीन येतो. ठेवतू."

आणि ठेवला. जोसेफीन आत आली, पण घडी सुटली नव्हती. "घेता आला. आता स्वतःहून कोणालातरी कर. ज्याला वाटेल त्याला."

पडद्यावर ओळीने फोटो होते — जेनी, जोसेफीन, शेजारी, फादर, आणि तपासणीसाठी घातलेला, काढायचा राहिलेला सुयोग. आजाचं बोट जेनीच्या फोटोवर गेलं, थबकलं, खाली सरकलं, परत वर गेलं. जोसेफीनने सुस्कारा सोडला. जेनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली ती तिथेच थिजली. सातवा मजला तिच्या डोळ्यांसमोर आला.

मग आजाने बोट टेकवलं.

सुयोगचा खिसा वाजला.

तो उभाच राहिला. "ह... हॅलो?"

"मी इसिडोर, गोराईशी," आजा झोपाळ्यावरून म्हणाला. दोघांमध्ये तीन हातांचं अंतर, आणि त्या तीन हातांत ट्रे घेतलेली जेनी. "तू मुलुंडचा सुयोग ना?"

"आजा, मी समोरच आहे."

"मना दिसतंय. फोनवर बोल, टेस चालू हाय. माजी नात पंधरा दिस तुजंच नाव घेते. मीठ मागताना पन घेते. आता तुजं काय म्हननं हाय ते सांग."



सुयोगने फोन कानाला घट्ट धरला आणि जेनीकडे बघितलं. "आजा, फोन बुधवारीच नीट झाला होता. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती यायची थांबली असती."

"मला माहीत होतं," जेनी हळूच म्हणाली. "गुरुवारचा तो उलटा शब्द मीच उलटा केला होता."

"तू?"

"मग तपासायला काय उरलं असतं?"

"पप्पा," जोसेफीन मधेच म्हणाली, "पोरगा आपल्यातला नाय."

आजाने फोन कानावरून हलवला नाही. "माशे खातंस?"

"बांगडा असेल तर काट्यासकट."

"मागशी बोलू," आजा म्हणाला, आणि योग्य ते बटण शोधून फोन ठेवला. मग लेकीकडे वळला. "झाली टेस?"

जोसेफीनने त्याच्याकडे बघितलं, त्या दोघांकडे बघितलं, आणि हाताची घडी सोडून जेनीच्या ट्रेतला कप उचलला. "राहा बाबा इथेच. पण रोज संध्याकाळी मला फोन करायचा. दुनियाभर स्थळं जुळवून झाली की."

दिवस कलताना जेनी सुयोगला जेटीवर सोडायला गेली, आणि सोडता सोडता बोटीत चढली. खाडीवर तांबूस उजेड होता, वाऱ्याने तिचे केस त्याच्या चष्म्यावर येत होते आणि तो ते बाजूला करत नव्हता. बोटवाल्याने दोघांकडे एकदा बघितलं, गालात हसला, आणि बोरिवलीचा किनारा दिसत असताना बोट वळवून खाडीत तीन चकरा जास्त मारल्या, पोरांना बोलायला वेळ मिळावा म्हणून.

बरं, एवढं मात्र कबूल करते, बोटवाल्याचं मी घातलं. तो कशाला चकरा मारतोय, त्याला पुढचे उतारू घ्यायचे होते. बोट नेहमीसारखी सरळ गेली आणि पलीकडे लागली. ही दोघं उतरली, खिडकीवर तिकीट काढलं आणि त्याच बोटीत परत चढली. तीन वेळा.