डावीकडचा लोड

मुलीने कुरिअरने एलईडी दिवे पाठवले, तेव्हा मी ते खोकं न उघडताच कपाटावर टाकून दिलं. गाडी जुनी, मी तिच्याहून जुना, आणि आमच्या दोघांच्याही दिव्यांबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण मुलगी ऐकणाऱ्यातली नाही. मागच्या वेळी ती आली होती तेव्हा वळताना मागच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला होता. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून, हा इंडिकेटर आहे की विझत आलेली मेणबत्ती, असं विचारलं होतं. ते तिने मनाला लावून घेतलं. दिवे पोचल्यापासून फोनवर रोज एकच प्रश्न, बसवले का. शेवटी एका सकाळी चहा झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन मुकाट्याने खाली गेलो.

माझा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेला. हात थरथरायला लागले म्हणून दुकान बंद केलं, आणि मग आमची ही आजारी पडली. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मी. भांडी घासायला लागतात तेवढीच घासतो, बाकीची तिने लावून ठेवली होती तशी आहेत. बोलायचं म्हणजे मुलीच्या फोनवर. इतर वेळी मी नळाशी आणि गॅसच्या शेगडीशी बोलतो, आणि शेगडी निदान पेटते तरी.

दिवे बसवले, इंडिकेटर लावला, आणि टिकटिक सुरू झाली ती घाईघाईची. हे होणार ते मला ठाऊकच होतं. तो आवाज करणारी डबी, फ्लॅशर, डॅशबोर्डखाली असते. जुना फ्लॅशर मोठा संशयी. आपल्या बाजूचे दिवे किती करंट ओढताहेत, म्हणजे लोड किती आहे, यावर त्याचं सतत लक्ष. पुढचा आणि मागचा, दोन्ही बल्ब जागेवर असले की तो सावकाश टिकटिकतो. एक गेला की घाई करायला लागतो, म्हणजे ड्रायव्हरला कळावं की एक कमी आहे. एलईडी करंट ओढतो अगदी चिमूटभर. त्यामुळे दिवे लख्ख पेटलेले असतात आणि फ्लॅशरला वाटतं, कोणीतरी गेलं.

यावर इलाज दोन. नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवायचा. तो मोजतच नाही, दिवे असोत नसोत, त्याची टिकटिक एकसारखी. नाहीतर दिव्याच्या जोडीला एक रेझिस्टर लावायचा. तो बसल्या जागी करंट ओढतो, गरम होतो, आणि फ्लॅशरची समजूत पटते. मी उजव्या बाजूला रेझिस्टर लावला. टिकटिक ताळ्यावर आली. तोवर कंबरेने जाहीर केलं की आज पुरे. डावीकडची बाजू तशीच, घाईघाईची सोडून मी वर आलो.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला निघालो. आता माझं डावीकडे वळणं हा एक वेगळाच विषय आहे. हिला गाडी चालवता येत नव्हती, पण गाडी अर्धी तीच चालवायची. डाव्या सीटवर बसून डाव्या आरशात बघायची आणि म्हणायची, "मोकळं आहे, घ्या." मग मी वळायचो. इतकी वर्षं डावीकडे मी स्वतः कधी बघितलंच नाही. ती गेल्यावर पहिल्यांदा डावीकडे वळायची वेळ आली, तेव्हा मी इंडिकेटर लावून तसाच थांबून राहिलो होतो, मागचे हॉर्न वाजवून दमेपर्यंत. तेव्हापासून मी उजवीकडे, उजवीकडे वळत अख्ख्या वस्तीला वळसा घालून बाजारात जातो. पेट्रोल जळतं, जळो.

त्या दिवशी मात्र पुढे रस्ता खोदलेला होता आणि डावीकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इंडिकेटर लावला. टिकटिक सावकाश चालली होती, संथ. मी आरशात बघितलं नाही आणि वळलो. बाजारात गाडी लावून उतरताना लक्षात आलं की डावीकडचा रेझिस्टर तर अजून खोक्यात आहे.

भाजी घेऊन परत आलो आणि पिशवी सवयीने डाव्या सीटवर टेकवली. निघताना डावा इंडिकेटर लावला, तर घाईघाई. म्हटलं, कुठेतरी कनेक्शन ढिलं आहे, म्हणून हे असं येतंय जातंय. पिशवीतून टोमॅटो घरंगळायला लागले म्हणून ती उचलून मागच्या सीटवर ठेवली.

टिकटिक सावकाश झाली.

मी पिशवी पुन्हा पुढे ठेवली. घाईघाई. मागे ठेवली. सावकाश. हिला मांडीवर पिशवी घ्यायला कधी आवडलं नाही. मागे ठेवा हो ती, साडीला चिखल लागतो, असं म्हणायची. मी हसलो खरा, पण घरी येईपर्यंत पिशवीला हात लावला नाही.

दुपारी मी मीटर घेऊन खाली गेलो. मी काही भाबडा माणूस नाही. करंट कुठेतरी जातोय म्हणजे वायर कुठेतरी चिरली असणार, पत्र्याला लागली असणार. मीटर मधे जोडला. डाव्या बाजूला दोन जुन्या बल्बांइतका लोड दिसत होता. पुढचा एलईडी काढला. टिकटिक सावकाशच. मागचाही काढला. आता डावीकडे दोन रिकामे होल्डर होते आणि दिवा एकही नव्हता, तरी काटा जागचा हलला नाही आणि टिकटिक तशीच चालू राहिली. मी डावीकडची प्रत्येक वायर हाताने चाचपली, डिकीपासून बॉनेटपर्यंत. कुठे चिरलेली नाही, कुठे गरम नाही.

करंट ओढला जातो तिथे ऊब येते. हे मी दुकानात जो येईल त्याला ऐकवायचो. तेव्हा हात फिरवत फिरवत मी गाडीच्या आत आलो. डॅशबोर्ड गार. दार गार. गाडी सावलीत होती, काचा वर होत्या. डाव्या सीटवर तळवा टेकवला.

कोणीतरी आत्ताच उठून गेल्यावर असते तशी ती ऊबदार होती. त्या सीटमध्ये एकही वायर नाही, हे मला माहीत होतं. सीटचं कव्हर मीच शिवून आणलेलं.

खोटं कशाला सांगू, मला आधी भीती वाटली आणि लगेच बरं वाटलं. दिवे जागेवर बसवून वर आलो. रेझिस्टरचं खोकं कपाटावर परत ठेवलं.

त्यानंतर मी रोज गाडी काढायला लागलो. काम असो नसो. घरापासून निघून डावीकडे, डावीकडे वळत परत घरी. टिकटिक सावकाश असली की मी आरशात न बघता वळायचो, आणि एकदाही कोणी ब्रेक मारला नाही. पुढेपुढे मी बोलायलाही लागलो. नळ गळतो ते सांगायचो, मुलीचा फोन आला होता ते सांगायचो. उत्तर मिळावं अशी अपेक्षा नव्हती. हीसुद्धा गाडीत फारसं बोलायची नाही. घरात मात्र तिला मी नजरेआड झालेलो खपायचं नाही. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तरी लगेच, "कुठे गेलात?" शेवटच्या आजारात आवाज फुटेनासा झाला, तेव्हा मी खोलीबाहेर पडलो की उशाच्या टेबलावरचा ग्लास चमच्याने वाजवायची, घाईघाईने. परत आलो की हात थांबायचा. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. आता खोलीतून उठलं तर कोणी विचारत नाही, त्याचा होतो.

मग मुलगी आली. तिला स्टँडवर घ्यायला गेलो. ती दार उघडून पुढे बसली, आणि पहिल्याच डाव्या वळणाला टिकटिक घाईघाईने वाजायला लागली.

"बाबा, हे अजून नीट केलं नाहीत?"

म्हटलं, करतो. वळणावर मी इतका वेळ थांबलो की तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग ती सीटवर जरा सरकली आणि विचारलं की ही सीट एवढी गरम का आहे, ऊन तर कुठे नाही. मी गाडी वळवली. घर आलं, गाडी बंद केली, तरी ती उतरेना.

"तुम्ही माझ्याकडे चला," ती म्हणाली. "खोली रिकामी केली आहे. तुमचा नातू रोज विचारतो. इथे आहे तरी कोण तुमच्याशी बोलायला?"

उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. ते आलं, याचीच मला भीती वाटली. मला माणसांत जायचं होतं. सकाळी उठल्यावर घरात दुसऱ्या कोणाची तरी खोकल्याची, भांड्याची, भांडणाची चाहूल हवी होती. नातवाने डोकं खाल्लेलं हवं होतं. मी हो म्हटलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही. ती परत गेली ती पुढच्या आठवड्यात मला न्यायला येते असं ठरवूनच.

गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला द्यायचं ठरलं. तो मला काका म्हणतो आणि माझ्यासमोर वायरिंगविषयी बोलायचं टाळतो. त्याला एवढंच हवं होतं की गिऱ्हाईकाला दाखवताना इंडिकेटर नीट चालावा. चालेल, म्हटलं. नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला आणि डॅशबोर्डखाली वाकून तो मीच बसवला. जुना काढून खिशात टाकला.

डावा इंडिकेटर लावला. टिकटिक बरोबर. पिशवी सीटवर ठेवली. टिकटिक तीच. उचलली. तीच. ही सीटवर बसली आहे की नाही, हे आता कळायला काही मार्ग नव्हता. मी सीटवर हात ठेवला. सीट गार होती. गॅरेजवाला चावी घेऊन गाडीत बसला, वळणावर डावा इंडिकेटर लावून दिसेनासा झाला, आणि मी तिथेच उभा राहून रडलो. मग जरा हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो दोघंही.

वर येऊन बॅग भरायला घेतली. उन्हं खिडकीतून पलंगावर आली होती. खिशात टोचत होता म्हणून फ्लॅशर काढून उशाच्या टेबलावर ठेवला. फेकायचा होता, पण हातून होईना. शर्ट घड्या करून बॅगेत ठेवत होतो, तेव्हा आवाज आला.

टिक. टिक. टिक.

सावकाश.

मी घड्याळाकडे बघितलं. ते कधीचंच बंद आहे.

फ्लॅशर उचलला. वायर जोडायची तीन पाती उघडी, वायर एकही नाही. डबीच्या आत ठोका पडत होता, तो बोटांना जाणवत होता. आणि डबी कोमट होती.

ती खाली ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. नळ बंद केला तेव्हा ऐकू आलं.

टिकटिकटिकटिक.

एक कमी आहे.

मी परत खोलीच्या दारात आलो. टिकटिक सावकाश झाली.

मी मुख्य दारापर्यंत गेलो. कडी काढली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो. आवाज मागून येत होता, आणखी घाईने. अशी घाई मी कुठल्याही गाडीत ऐकलेली नाही. ऐकली होती ती त्याच खोलीत, ग्लासावर.

मी परत फिरलो. पलंगावर बसलो. सावकाश झाली.

बॅग उघडीच होती. किती वेळ गेला कोण जाणे, फोन वाजला. मुलगी होती. उद्या सकाळी निघते, दुपारपर्यंत पोचेन, जेवायला थांबू नका, असं भरभर सांगत होती. मागे नातू माझं नाव घेऊन ओरडत होता. मी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "नको येऊस. मला नाही जमणार निघायला."

तिकडे तिने नातवाला गप्प केलं. मग म्हणाली, "बाबा, गाडी दिली म्हणालात ना?"

"दिली."

"मग हा इंडिकेटरचा आवाज कसला? कुठे वळताय तुम्ही?"

फोनवर बोलताना मला फेऱ्या मारायची सवय आहे. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि परत येऊन बसलो.

"हां, आता नीट वाजतोय," मुलगी म्हणाली.